पुजारणीचा वाटा

७ सप्टेंबर

पोचले एकदाची डार्विनला. विमानातून उतरले तर कुणीतरी नुकताच कुकर उघडलाय अशी वाफ तोंडावर आली. तरी मी खुश आहे. सिडनीला, टूनगॅबीत, अस्मिताच्या घराच्या मागच्या खोलीत दोन वर्षं काढलेलं माणूस कुठेही खुश होईल. अस्मिता माझी धाकटी बहीण. तिचं दुमजली घर, तिचा स्विमिंग पूल, तिचा नवरा, तिची पोरं, आणि पाहुणे आले की त्यांना चहा नेऊन देणारी तिची फिजिओथेरपिस्ट ताई, म्हणजे मी. ते संपलं. इथल्या हॉस्पिटलात कायमची नोकरी आहे आणि जागाही स्वतःची.

स्वतःची म्हणजे भाड्याची. मराठी लोकांच्या ग्रुपवरून मिळाली. शहरापासून बरंच लांब, आंब्याच्या बागेत, उंच खांबांवर उभं केलेलं घर. वर वीणाताई आणि त्यांचे यजमान राहतात, खाली एका बाजूला माझी खोली. यजमान सर्जन होते, सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतात. मधे त्यांच्या पोटात गाठ निघाली होती, मोठ्या मोठ्यांनी हात टेकले होते म्हणे. आज मात्र शिडीवर चढून स्वतः आंबे उतरवत होते. वीणाताई मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत प्राचीन ग्रीकांचा धर्म शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. आल्या आल्या त्यांनी गरम थालीपीठ आणि लोण्याचा गोळा पुढे ठेवला. बोलवायची वाट बघू नकोस, वर येत जा, म्हणाल्या. इतक्या आपुलकीने माझ्याशी कोण कधी बोललं होतं ते आठवेना.

एक ठरवलंय. इथे कुणाशी तुलना करायची नाही. आई म्हणेल, मांजराने दूध सोडलं. पण खरंच ठरवलंय.

१५ सप्टेंबर

आज रविवार. घरामागच्या मोकळ्या जागेत दगडांचा एक चौथरा आहे, कमरेइतका उंच. मला वाटलं बार्बेक्यू असेल. ती वेदी निघाली. दर रविवारी सकाळी इथे दहा-बारा लोक जमतात, बहुतेक इथलेच गोरे. त्यातल्या ब्रेटचं मटणाचं दुकान आहे, सगळ्यांना मेट म्हणतो. हे लोक ग्रीकांचा जुना धर्म पाळतात. नाटक म्हणून नाही, खरोखर. त्यांची देवी आर्टेमिस, रानाची, शिकारीची आणि कुमारिकांची. वेदीवर मध आणि जव टाकले, धूर झाला, प्रार्थना झाली. आपल्याकडे होम बघितलेल्या माणसाला यात वावगं काय वाटायचं.

नंतर वीणाताई बोलल्या. छान बोलतात. त्या म्हणाल्या की ग्रीकांचा पुजारी म्हणजे कुणी मोठा गुरू नव्हे. त्याला ना पोथी, ना पाठशाळा. पुष्कळदा तर चिठ्ठ्या टाकूनच निवडायचे. बळी द्यायच्या वेळी तो प्रार्थना म्हणायचा, हातांवर पाणी घालायचा, जव उधळायचा. सुरी चालवायला दुसरा माणूस असे, तो खाटिक आणि आचारी दोन्ही. पण पुजारी उभा राहिल्याशिवाय देव काही घ्यायचा नाही, आणि सगळं झाल्यावर कातडं आणि एक तंगडी हा पुजाऱ्याचा वाटा.

मग या वर्षाच्या पुजारणीसाठी मडक्यात घेवड्याचे दाणे टाकले. बायकांनी एकेक उचलायचा, जिचा काळा निघेल ती पुजारीण. मला म्हणाल्या, तूही उचल. मी उचलला. काळा. आयुष्यात मला कधी साधं लकी ड्रॉचं कुपन लागलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लगेच अस्मिताला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, अगं वा, आणि मग पोरांच्या स्विमिंगबद्दल बोलत राहिली.

२२ सप्टेंबर

नुपूर आली.

चिपळूणची आहे. मेलबर्नला शिकली, तिथेच डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवर मिठाईच्या दुकानात काम करायची, आता पीआरसाठी, म्हणजे कायम राहायच्या परवानगीसाठी, इकडे आली. वय चोवीस. वीणाताईंनी तिला वरची खोली दिली, ती वाऱ्याची. मला आल्यापासून वाटत होतं की उन्हाळा वाढला की ती मला देतील. दिसायला चांगली आहे, मी काही आंधळी नाही. रंग, केस, दात, सगळं जिथल्या तिथे. अंगावर कुठे एक तीळ नाही. असली माणसं बघितली की मला देवाचा हिशेब कळत नाही.

डॉक्टरांनी तिला सगळी तपासली. डोळे, दात, पाठ, पावलं. किती काळजी करतात बघा. मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय, तर म्हणाले पॅनाडॉल घे.

पुजारीण म्हणून मला काय मिळालं तेही लिहून ठेवते. वेदी घासायचं काम. टाकीवरून पाणी आणायचं काम. मागच्या कोठीची किल्ली. शिवाय कुणाच्या मयताला जायचं नाही, पुजारणीला विटाळ चालत नाही. इथे माझ्या ओळखीचं मरतंय कोण? नाव पुजारीण, काम मोलकरणीचं.

२९ सप्टेंबर

हवा गच्च झालीय. इथे याला बिल्ड-अप म्हणतात. ढग येतात, गडगडतात, आणि पाऊस न देता निघून जातात. हॉस्पिटलात सगळे एकमेकांवर खेकसतात आणि मग सॉरी मेट म्हणतात. माझं तर डोकं कायमच तापलेलं.

आज कोठीतली कातडी उन्हात घालायची होती. आधीच्या पुजाऱ्यांचे वाटे, त्यांनी देवीलाच ठेवून दिलेले. बकऱ्यांची ताठ, वास मारणारी कातडी. सगळ्यात खाली मात्र एक वेगळंच होतं. पातळ, फिकट, मऊ, केस नाहीत. डुकराचं असावं. एका टोकाला गोल दबलेली खूण होती, कडा चुरगळल्यासारख्या. मी नीट बघत होते तेवढ्यात वीणाताई आल्या आणि हळूच ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाल्या, हे राहू दे गं, हे मी बघते.

म्हणजे चांगली वस्तू पुजारणीने हाताळायची नाही. आणि वरच्या खोलीत आमच्या राजकन्या गाणं म्हणत होत्या. त्यांच्यासाठी जवाची खीर चालली होती, मध आणि तूप घालून. कोठीपर्यंत वास आला. मला कुणी वाटीभर देखील विचारली नाही. लहान मुलीसारखं रडू आलं मला.

६ ऑक्टोबर

३ नोव्हेंबरला देवीचा वर्षाचा सोहळा आहे, त्याच्या मिरवणुकीची तालीम झाली. नुपूर सगळ्यात पुढे. केशरी वस्त्र, चाफ्याचा हार, केसांत सोनेरी फीत. मागे एक बाई डोक्यावर जवाची टोपली घेऊन, दाण्यांखाली सुरी लपवलेली, कारण जनावराला ती आधी दिसता कामा नये. मग बासरीवाला, मग ब्रेट. आणि कडेला मी, पांढऱ्या साध्या कपड्यात, पाण्याची घागर घेऊन.

माझ्या आजोळच्या गावी हेच असतं. गुरव वर्षभर देऊळ झाडतो, देवाला पाणी घालतो, दिवा लावतो. आणि जत्रेच्या दिवशी फेटा बांधून पालखीपुढे चालतो तो पाटील. मान मानकऱ्याचा, राबायचं गुरवाने. मला यांनी गुरव करून ठेवलंय. काळा दाणा माझा निघाला आणि हार तिच्या गळ्यात. हा कुठला न्याय?

तालमीनंतर वीणाताई सांगत होत्या की जनावराच्या डोक्यावर पाणी शिंपडायचं, मग ते डोकं हलवतं, म्हणजे त्याची संमती आहे असं धरायचं. आपल्याकडेही बोकडाने अंग झाडलं की देवीला पोचला म्हणतात, तसंच. तर मधेच नुपूरने विचारलं की ग्रीक लोक माणसांचा बळी द्यायचे का. बघा, पुढे पुढे करायची सवय. वीणाताई म्हणाल्या की बहुधा नाही. तसं फक्त त्यांच्या कथांमध्ये आहे. बहुधा, असं परत एकदा म्हणाल्या आणि तिच्या गालावरून हात फिरवला. माझ्या गालावरून कधी फिरवला नाही.

ब्रेटला विचारलं, यंदा बकरा कुठून आणणार. नो वरीज, म्हणाला, त्याची सोय झालीय.

१३ ऑक्टोबर

दुपारी नुपूर खाली आली आणि केसांना तेल लावून देशील का ताई म्हणाली. माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून. लावलं. तिचे केस हातात धरले तेव्हा एक हिसका द्यावा असं फार वाटलं, खोटं कशाला लिहू. ती आपल्याच नादात बोलत होती. आई गेल्यापासून तिला कुठे करमत नाही. इथे आल्यावर पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाला तरी हव्या आहोत. आता देवीकडेच जायचंय, म्हणाली.

मी मनात म्हटलं, नाटकं. देवीकडे जायचंय म्हणे. वाऱ्याची खोली, खीर, हार, आणि वर भक्तीसुद्धा हिचीच. सुंठीवाचून खोकला गेला तर किती बरं होईल. व्हिसाचं काही बिनसलं, घरून बोलावणं आलं, काहीतरी व्हावं आणि हिने जावं.

झोप येत नाही. जेवण जात नाही. मी चाळिशीला आलेली बाई चोवीस वर्षांच्या पोरीवर जळते आहे, हे मला समजतं. समजून काय उपयोग?

१८ ऑक्टोबर

आज तोंड उघडलं. शिफ्टवरून आले ती तडक वर गेले आणि वीणाताईंना सांगितलं की मला पुढची जागा हवी. नुपूरची.

वीणाताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग मला जवळ बसवून समजावलं. तुझी जागा मोठी आहे, म्हणाल्या. पुजारीण राहते, दर वर्षी राहते, तिच्या हातून सगळं होतं आणि वाटाही तिलाच मिळतो. पुढची जागा एकदाच असते. मी म्हटलं, एकदा तर एकदा. आयुष्यभर मागे राहून झालंय माझं. शाळेच्या गॅदरिंगला मी पडद्यामागे उभी राहून अस्मिताला संवाद सांगायचे आणि टाळ्या तिला पडायच्या. हे बोलताना माझा आवाज चिरकला, लाज वाटली.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, डॉक्टर नुपूरकडे बघत होते तसं. म्हणाल्या की देवीला ओढून आणलेलं चालत नाही. ज्याने त्याने सगळ्यांसमोर स्वतःहून हो म्हणावं लागतं. म्हणशील?

हे काय विचारणं झालं?

२० ऑक्टोबर

झालं. मिळालं.

सगळे वेदीभोवती उभे होते. वीणाताईंनी घागरीतून हातावर पाणी घेतलं, माझ्या डोक्यावर शिंपडलं आणि विचारलं. त्यांचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मी जोरजोरात डोकं हलवून हो म्हटलं. लोक कसे आनंदले! एकेकाने येऊन मिठी मारली. ब्रेटने हात मिळवला, मग माझा दंड दाबून बघितला आणि गुड ऑन यू मेट म्हणाला. डॉक्टरांनी सगळी तपासणी केली. गुडघ्याचं चालेल, म्हणाले.

नुपूर ढसाढसा रडली. माझ्या पोटात थंड पाणी पडावं तसं बरं वाटलं. वाईट आहे हे, पण वाटलं. कोठीची किल्ली आणि घागर मी स्वतः तिच्या हातात दिली. आता वाऱ्याची खोली माझी.

२४ ऑक्टोबर

असे दिवस मी कधी बघितले नाहीत. सकाळी तेलाने अंग चोळतात. खीर, मध, अंजिरं. हॉस्पिटलात रजा टाकली, सांगितलं की घरगुती कार्य आहे. हार घातलेला फोटो अस्मिताला पाठवला, तिने अंगठा पाठवला. काय जळली असेल. नंतर वीणाताई म्हणाल्या की आता सोहळा होईपर्यंत फोन नको, व्रत असतं. मी आनंदाने देऊन टाकला. तसंही मला फोन करतंय कोण.

आज माझ्या कपाळावरची एक बट कापून विस्तवात टाकली. सुरुवात म्हणून असते ती, नुसती रीत.

खाली नुपूर उन्हात वेदी घासत होती. मी खिडकीतून सांगितलं की कोपऱ्यात डाग राहिलाय. तिने मुकाट्याने परत घासलं.

२८ ऑक्टोबर

घाईने लिहितेय. अक्षर लागणार नाही कदाचित.

सकाळी वीणाताई तेल लावत होत्या. डाव्या दंडावर त्यांचा अंगठा थांबला. बीसीजीच्या खुणेवर. गोल, दबलेली, कडा चुरगळलेल्या. लहानपणी टोचलेली. कौतुकाने म्हणाल्या की आपल्याकडच्या सगळ्यांना असते नाही, शंतनूलाही होती.

मी विचारलं, शंतनू कोण.

तुझ्या खोलीत आधी राहायचा तो, म्हणाल्या. फार गुणी मुलगा. तेव्हा डॉक्टरांना काही महिन्यांचीच मुदत दिली होती. शंतनूने स्वतःहून हो म्हटलं आणि गाठ जागच्या जागी विरली. आता परत दुखायला लागलंय त्यांना.

अगदी शांतपणे सांगितलं, पाककृती सांगावी तसं. तेल लावत राहिल्या.

कोठीतलं ते कातडं. मऊ. एका टोकाला गोल खूण. मी हातात धरलं होतं. उन्हात घालायला निघाले होते मी ते —

डुकराचं नव्हतं.

पुजारीण राहते, म्हणाल्या होत्या. दर वर्षी राहते. मी काय ऐकत होते तेव्हा? खिरीचा वास घेत होते.

२९ ऑक्टोबर

पुढच्या आणि मागच्या, दोन्ही जिन्यांच्या खालच्या फाटकांना कुलूप. माझी गाडी जागेवर नाही. डॉक्टर म्हणाले सर्व्हिसिंगला दिलीय.

फोन मागितला. व्रत आहे, म्हणाल्या.

सांगितलं, मला नको हे, मी हो म्हटलं ते मागे घेते. वीणाताईंनी जवळ घेतलं, थोपटलं. म्हणाल्या शेवटी सगळ्यांना असं वाटतं. शंतनूलाही वाटलं होतं. मग पाणी शिंपडलं की मन शांत होतं.

ओरडले. बाग मोठी आहे. रस्त्यावरून जाणारे ट्रक ऐकू येतात, त्यांना मी नाही.

नुपूरच्या जागी मीच — मीच मागून घेतली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. आईची म्हण. आई.

३१ ऑक्टोबर

नुपूर पाणी घेऊन आली. तिला दंडाला धरून सगळं सांगितलं. शंतनू, कातडं, सगळं. म्हटलं आपण दोघी पळू.

तिला माहीत होतं.

पहिल्यापासून माहीत होतं. आली त्याच दिवशी वीणाताईंनी तिला सांगितलं होतं, कारण फसवून नेलेलं देवीला चालत नाही. मला का नाही सांगितलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, सांगितलं होतं की ताई, दर रविवारी सांगत होत्या. तू ऐकायची नाहीस, माझ्याकडे बघत बसायचीस.

मग माझे पाय धरले तिने. जागा परत दे म्हणाली. तिला आईकडे जायचंय. ती कधीपासून तयार आहे, माझ्यामुळे अडलीय. फाटकाची किल्ली तिच्याकडे आहे, पुजारणीकडे सगळ्या असतात. माझी गाडी शेडच्या मागे उभी आहे, तिची किल्ली आतच आहे. सोहळ्याच्या सकाळी सगळे वेदीपाशी असतील, तेव्हा मागच्या जिन्याने निघून जा, म्हणाली. मी हार घालून पुढे जाईन. कुणी तुझ्या मागे येणार नाही, त्यांना कुणीतरी एक हवंय.

किल्ली खिडकीत ठेवून गेली.

म्हणजे मी वाचले. तिला पटवायला हवं होतं, असा जीव देऊ नकोस म्हणून. पटवलं नाही. नुसती किल्ली घेतली.

१ नोव्हेंबर

खीर खाल्ली नाही, तशीच ठेवली.

किल्ली चालते. फाटक उघडून परत लावलं. आत्ता जाता आलं असतं, पण डॉक्टर बागेत आहेत. परवा सकाळीच.

सिडनीला जाईन. अस्मिताच्या मागच्या खोलीत. पोलिसांना सांगेन. सगळं सांगेन.

नुपूरचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. पाय धरले तेव्हाचा. ती माझ्याकडे कशी बघत होती — मला ओळखीचं वाटलं ते बघणं. आरशात बघितलंय मी ते. कुणी माझ्याकडे कधी असं बघितलं नव्हतं.

ती माझ्यावर जळत होती.

२ नोव्हेंबर

निघायचंच. त्यात विचार कसला करायचा. जीव आहे.

मी गेल्यावर काय होईल ते दिसतं. ती पुढे चालेल. केशरी वस्त्र, माझं. बासरी. सगळे तिच्याकडे बघतील. पुढच्या वर्षी तिचं नाव घेतील, गुणी मुलगी म्हणून. माझ्याबद्दल काय म्हणतील? एक बाई होती, घाबरून पळाली. नाव काय तिचं —

हे काय लिहितेय मी. पळ सुरुची.

३ नोव्हेंबर

उजाडलं. बासरी सुरू झाली. किल्ली मुठीत आहे, ओली झालीय घामाने.

सगळे वेदीपाशी. मागचा जिना मोकळा. शेडपर्यंत पळत गेले तर लगेच गाडीत. आता वही बंद करते आणि —

खिडकीतून दिसतंय. नुपूर आली. हार घातलाय. मी गेले असं समजून घातलाय. वीणाताई तिला बघून थबकल्या. मग हसल्या. जवळ घेतलं तिला. गालावरून हात फिरवला.

इतक्या लगेच. एकदाही वर बघितलं नाही कुणी. मला हाक मारली नाही. सुरुची कुठे आहे, असं एकानेही —

टोपली पुढे आली. नुपूर हसतेय. किती सुंदर दिसतेय मेली.

मागचा जिना. मागचा. मला मागच्या जिन्याने जायचंय, जगायचंय मला, मी लिहून ठेवते म्हणजे पाय ऐकतील —

वीणाताईंनी घागर उचलली. तिच्या डोक्यावर आता पाणी

नाही. माझ्या डोक्यावर. हो मी म्हटलं होतं, सगळ्यांसमोर, मी. काळा दाणा माझा निघाला, हार माझा आहे. पुढच्याच जिन्याने उतरते आणि आधी तिच्या गळ्यातला तो हार ओढून —